भट्टीआधीचा अंदाज

(पुण्यात कलामहाविद्यालयांतल्या शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार.

सिरॅमिक ऑनलाइन शिकवता येतं का, या प्रश्नाला दोन ठरलेली उत्तरं आहेत. चाकावर बसणारे म्हणतात, माती हाताला लागल्याशिवाय कसलं शिक्षण? आणि कॉलेजचं कार्यालय म्हणतं, व्हिडिओ टाका, हजेरी घ्या, झालं. पहिल्यांचं म्हणणं चाकापुरतं खरं आहे. गोळा मध्यावर आणणं, भिंत वर ओढणं, भांडं किती वाळलं की तळ कोरायला घ्यायचा, हे स्क्रीनवरून शिकवता येत नाही आणि तसा आव आणू नये. पण मातीत काय असतं, ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेचा थर, का वितळतं, तडे का जातात, हा जो साहित्यशास्त्राचा भाग आहे तो ऑनलाइन शिकवता येतो. आज तेवढ्याच भागाबद्दल बोलायचं आहे.

वर्कशॉपमध्ये हा भाग शिकवताना शिक्षकाचा हात सगळ्या त्रुटी भरून काढतो. ग्लेझच्या बादलीत बोट बुडवायचं, ‘थोडं पाणी घाल’ म्हणायचं, की ग्लेझ बरोबर बसतं. मुलाच्या वहीत मात्र काहीच उतरत नाही. तो पुढच्या वर्षी स्वतःचा स्टुडिओ थाटतो तेव्हा ते बोट त्याच्याजवळ नसतं. ऑनलाइन वर्गात मुलगी बार्शीला बसलेली असते आणि तिची बादली तुम्हाला फक्त दिसते. ‘दाट आहे का?’ या प्रश्नाला ती ‘बऱ्यापैकी’ म्हणते, आणि त्या उत्तराचा उपयोग शून्य. म्हणून प्रत्येक गोष्ट आकड्यात आणावी लागते. अंतरामुळे आलेली ही सक्तीच या पद्धतीची खरी ताकद आहे, असं माझं मत आहे.

घनतेपासूनच सुरुवात करू, कारण पहिल्या आठवड्यात हेच शिकवावं. साठ मिलीची सिरिंज औषधाच्या दुकानात मिळते. रिकामी सिरिंज काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा, ग्लेझ चांगलं ढवळून ५० मिली ओढून घ्यायचं, बुडबुडा काढायचा, बाहेरून पुसायचं आणि वजन करायचं. ७२.५ ग्रॅम भरलं, तर १०० मिलीचं वजन १४५ ग्रॅम, म्हणजे सापेक्ष घनता १.४५. बिस्किटावर, म्हणजे एकदा भाजलेल्या पण ग्लेझ न लावलेल्या मातीवर, बुडवून लावायच्या ग्लेझला १.४० ते १.५० ही साधारण मर्यादा. आता या १०० मिलीत कोरडा माल किती? त्यासाठी पॅरिसजवळच्या सेव्र पोर्सेलिन कारखान्याचे संचालक अलेक्झांडर ब्रोन्यार यांनी एकोणिसाव्या शतकात दिलेलं सूत्र आजही वापरतात. मिश्रणाच्या वजनातून तेवढ्याच पाण्याचं वजन वजा करायचं, इथे १४५ वजा १००, म्हणजे ४५. कोरड्या मालाची घनता साधारण २.६ धरली, तर ४५ ला २.६ ने गुणून १.६ ने भागायचं. ७३ ग्रॅम येतात. आता एखाद्याची बाटली १.२८ दाखवत असेल, तर तिच्यात जेमतेम साडेपंचेचाळीस ग्रॅम माल आहे. तेवढाच वेळ बुडवूनही त्याच्या टाइलवर थर पातळ बसणार, आणि भाजल्यावर तो म्हणणार की ग्लेझ खराब आहे. खराब काही नसतं, पाणी जास्त असतं. बाटली रात्रभर ठेवायची, वर आलेलं पाणी सिरिंजने काढायचं, पुन्हा मोजायचं. फक्त बोरॅक्स, सोडा ॲश किंवा न धुतलेली राख असलेल्या ग्लेझचं वरचं पाणी फेकायचं नाही, कारण विरघळलेला माल त्याच्याबरोबर जातो.

किटमध्ये काय द्यावं यावर आपल्याकडे फार हौसेने विचार होतो. पंधरा ऑक्साइड, दहा फ्रिट (आधीच वितळवून दळलेली काच), रंगांच्या पुड्या. गरज नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला वजनकाटा, सिरिंज, ८० मेशची, म्हणजे इंचाला ८० छिद्रांची, छोटी चाळणी, इंग्रजी ‘एल’सारख्या आकाराच्या उभ्या बिस्किट टाइल वीस, भाजलेली एक संदर्भ-टाइल, आयर्न ऑक्साइडची पेन्सिल, एन-९५ मास्क आणि ग्लेझच्या दोन बाटल्या. कोरडी पावडर शक्यतो घरी पाठवायचीच नाही. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारच्या धुळीतले पाच मायक्रॉनच्या आतले कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात, तिथून बाहेर येत नाहीत, आणि त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा रोग बरा होत नाही. वर्कशॉपमध्ये एक्झॉस्ट असतो, ओल्या फडक्याने पुसायची शिस्त असते. हॉस्टेलच्या खोलीत पंखा फुल असतो आणि शेजारी कोणीतरी पोहे खात असतं. बेरियम कार्बोनेट हे उंदराचं विष आहे आणि मँगनीज डायऑक्साइडची धूळ मज्जासंस्थेला घातक आहे, त्यामुळे ही दोन्ही किटमध्ये असताच कामा नयेत. शिशाच्या फ्रिटचं तर नावही नको.

म्हणून पातळ मिश्रणांची पद्धत. दोन ग्लेझ कॉलेजमध्ये तोलून, भिजवून, चाळून बाटल्यांत भरायची आणि मुलांनी घरी ती सिरिंजने एकमेकांत मिसळायची. धूळ नाही, तोलण्यातली चूक नाही, आणि निष्कर्ष मात्र खरा. ऑस्ट्रेलियातले इयन करी यांनी चार कोपऱ्यांच्या चार मिश्रणांतून ३५ चौकटी भरायची पद्धत लोकप्रिय केली, तिचं हे सर्वांत छोटं रूप. पहिल्या सत्राला दोन टोकं आणि पाच टाइल पुरतात.

ग्लेझ ‘अ’ म्हणजे स्टुडिओवाल्यांचं जुनं चार-तीन-दोन-एक. पोटॅश फेल्डस्पार ४०, क्वार्ट्झ ३०, व्हायटिंग म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट २०, चायना क्ले १०. कोन १० चं ग्लेझ (कोन म्हणजे भट्टीत ठेवायचा, ठरावीक उष्णतेला वाकणारा शंकू), तापमान चढण्याच्या वेगानुसार साधारण १२८० ते १३०० अंश सेल्सिअस. ग्लेझ ‘ब’ मध्ये फक्त क्वार्ट्झ आणि चायना क्ले यांची अदलाबदल करायची. फेल्डस्पार ४०, क्वार्ट्झ १०, व्हायटिंग २०, चायना क्ले ३०. तेच चार पदार्थ, बेरीज तीच. मुलांना विचारायचं, काय फरक पडेल? पहिल्या आठवड्यात बहुतेकजण ‘थोडासा’ म्हणतात.

इथे मोल शिकवायची वेळ येते, आणि कलाशाखेची मुलं इथेच लॅपटॉप मिटतात. त्यांना रसायनाचं पुस्तक दाखवू नका. हापूस डझनावर विकतात, किलोवर नाही, एवढं सांगा. काटा आपल्याला किलो सांगतो, भट्टी मात्र डझन मोजते. मोठं फळ असेल तर किलोत कमी नग बसतात. रेणुभार म्हणजे त्या फळाचं वजन, आणि भागाकार म्हणजे नग. एवढ्यावर गणित चालतं.

‘अ’चं गणित हातानेच करून घ्यावं, निदान एकदा. पोटॅश फेल्डस्पारचा रेणुभार ५५६.७. ४० ला त्याने भागलं की ०.०७२. फेल्डस्पारच्या एका नगातून एक पोटॅशियम ऑक्साइड, एक ॲल्युमिना (ग्लेझला घट्ट धरणारा) आणि सहा सिलिका (काच होणारी) मिळतात, म्हणजे सिलिका ०.४३१. व्हायटिंग २० भागिले १००.१, म्हणजे ०.२ कॅल्शियम ऑक्साइड. उरलेला कार्बन डायऑक्साइड, वजनाच्या ४४ टक्के, भट्टीतून उडून जातो. चायना क्ले १० भागिले २५८.२, म्हणजे ०.०३९ ॲल्युमिना आणि त्याच्या दुप्पट सिलिका. क्वार्ट्झ ३० भागिले ६०.१, म्हणजे ०.४९९ सिलिका. आता वितळवणारे, म्हणजे फ्लक्स, कोण? पोटॅशियम आणि कॅल्शियम. त्यांची बेरीज ०.२७२. सगळ्या आकड्यांना या बेरजेने भागायचं, म्हणजे फ्लक्सची बेरीज एक होते. पोटॅशियम ०.२६, कॅल्शियम ०.७४, ॲल्युमिना ०.४१, सिलिका ३.७१. ही मांडणी जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान झेगर यांची. भट्टीत ठेवायचे प्रमाणित शंकू त्यांनीच १८८६ मध्ये आणले, आणि आज आपण ‘कोन सहा’, ‘कोन दहा’ म्हणतो ती त्याच घराण्यातली मोजणी.

आता सिलिकाला ॲल्युमिनाने भागा. ‘अ’साठी ९.१. ‘ब’साठी तेच गणित केलं की ॲल्युमिना ०.६९, सिलिका ३.०५, आणि गुणोत्तर ४.४. मधल्या तीन मिश्रणांचं ७.४, ६.२ आणि ५.२. हे पाच आकडे मुलांच्या हातात आले की त्यांना १९१२ चा स्टलचा नकाशा दाखवायचा. अमेरिकेत आर. टी. स्टल यांनी फ्लक्स ०.३ पोटॅशियम आणि ०.७ कॅल्शियम असे बांधून ठेवले, ॲल्युमिना आणि सिलिका बदलत नेले, सगळं कोन ११ ला भाजलं आणि कुठे चकाकी येते, कुठे मॅट म्हणजे बिनचकाकीचं होतं, कुठे न वितळलेलं राहतं, ते आलेखावर मांडलं. आपले फ्लक्स ०.२६ आणि ०.७४ आहेत, म्हणजे त्यांच्या इतके जवळ की त्यांचा नकाशा आपल्याला वापरता येतो. गुणोत्तर पाचाच्या खाली गेलं की मॅट, सहाच्या आसपास रेशमी, सात-आठच्या वर चकाकी. भट्टी लागण्याआधी प्रत्येकाने आपल्या पाचही टाइलसमोर लिहायचं की ही कशी निघेल आणि का. ते लिहिलेलं परत बदलता येणार नाही अशा फॉर्ममध्ये घ्या. गुण त्या ‘का’ला आहेत, टाइलला नाहीत.

तयारी करताना जिथे हमखास चूक होते ते सांगतो. तीस मुलांना दोन्ही ग्लेझ शंभर-शंभर मिली द्यायची तर प्रत्येकी तीन लिटर. १.४५ घनतेला तीन लिटरमध्ये सुमारे २२०० ग्रॅम माल लागतो. ‘ब’ मध्ये ३० टक्के कच्ची चायना क्ले आहे. ती वाळताना आकसते, टाइलवर बारीक भेगा पडतात, आणि वितळताना ग्लेझ त्या भेगांपासून मागे सरकून गोळे होतं, ज्याला क्रॉलिंग म्हणतात. मग मूल ‘मॅट नाही आलं, फाटलं’ असं लिहितं आणि सगळा धडा वाया जातो. उपाय, निम्मी चायना क्ले भाजून वापरायची. चायना क्लेतलं पाणी वजनाच्या १४ टक्के, ते निघून गेलेलं असतं, म्हणून १५ भागांच्या जागी १३ भाग भाजलेली पुरते. १५ कच्ची, १३ भाजलेली, आणि एकूण बेरीज ९८. इथे आणखी एक खाच आहे. ‘अ’चे १०० भाग आणि ‘ब’चे ९८ भाग सारख्याच आकारमानापर्यंत पाणी घालून आणायचे, तरच सिरिंजचं गणित जुळतं. म्हणजे ‘अ’ २२०० ग्रॅम तीन लिटरपर्यंत, ‘ब’ २१५६ ग्रॅम तीन लिटरपर्यंत. दोन्हींची घनता जबरदस्तीने सारखी करायला जाऊ नका.

‘अ’ मध्ये चायना क्ले जेमतेम दहा भाग असल्यामुळे कुरिअरमध्ये दोन दिवस पडलं की तळाशी दगड बसतो. मुलं वरचं वर ओढतात आणि त्यांच्या मिश्रणात क्वार्ट्झ पोचतच नाही. दोन टक्के बेंटोनाइट, ही फार बारीक चिकणमाती, आधी कोरड्यात मिसळून घ्या, किंवा एप्सम सॉल्टच्या संपृक्त द्रावणाचे काही थेंब टाका, म्हणजे कण एकमेकांना सैल धरून तरंगत राहतात. जे कराल ते दोन्ही बाटल्यांत करा. झाकणाखाली पॉलिथिनचा तुकडा, वरून टेप, आणि बाटलीत एक काचेची गोटी ढवळायला. मिश्रणं २०-०, १५-५, १०-१०, ५-१५ आणि ०-२० मिली. प्रत्येक वेळी सिरिंज धुवायची. तीन सेकंद बुडवायचं, खाली एक सेंटिमीटर मोकळं सोडायचं, मागे पेन्सिलने नंबर. मार्करची शाई भट्टीत जळते, हे प्रत्येक तुकडीत कोणीतरी नव्याने शोधून काढतं.

टाइल परत येताना कच्चं ग्लेझ घासून निघतं. त्यासाठी अर्धा टक्का सी.एम.सी. गोंद ग्लेझमध्येच असावा. तो उन्हाळ्यात सडतो आणि वास मारतो, तेव्हा तयारी आणि वाटप यात महिना जाऊ देऊ नका. टाइल उभ्या पुठ्ठ्याच्या खाचांत बसवून पाठवायला सांगा. बबल रॅप ग्लेझला सरळ चिकटवू नये.

भट्टीचं लाइव्ह प्रक्षेपण करू नका. नऊ-दहा तास बंद दरवाजा बघून कोणी काही शिकत नाही. त्याऐवजी दर पंधरा मिनिटांची तापमानाची नोंद द्या आणि आलेख त्यांना काढू द्या. कोन वाकताना झरोक्यातून घेतलेला टाइमलॅप्स मात्र जरूर दाखवा. तापमान आणि उष्णतेचं काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून जेवढं कळतं तेवढं सांगून कळत नाही. कोन ६ हा १२२२ अंशांना वाकतो असं कोष्टक म्हणतं, पण शेवटचे शंभर अंश ताशी ६० ने चढले तर. घाई केली की तोच कोन जास्त तापमानाला वाकतो. पायरोमीटरचा, म्हणजे भट्टीच्या तापमापकाचा, आकडा थर्मोकपलच्या (भट्टीत शिरलेल्या त्याच्या तारेच्या) टोकाचा असतो, खालच्या फळीवरच्या टाइलचा नसतो. प्रत्येक फळीवर कोन ठेवा.

याच आठवड्यात ‘ग्लेझचा वितळणबिंदू किती?’ हा प्रश्न येतोच. सिलिका एकटी १७०० अंशांच्या वर वितळते, ॲल्युमिना २०५० ला, कॅल्शियम ऑक्साइड अडीच हजारांच्याही वर. आणि तिघं योग्य प्रमाणात, वजनाने साधारण ६२ सिलिका, १५ ॲल्युमिना, २३ कॅल्शियम ऑक्साइड, एकत्र आले की ११७० ला वितळायला लागतात. यातला एकही पदार्थ ११७० ला एकटा वितळत नाही. हे वाक्य फळ्यावर मोठं लिहा आणि दोन मिनिटं गप्प बसा.

तुमच्या भट्टीची मर्यादा १२५० असेल तर कोन १० चा हट्ट धरू नका, भट्टीच्या तापणाऱ्या तारा लवकर जातात. कोन ६ ला यायचं तर बोरॉन लागतो. फ्लक्सची बेरीज एक धरून साधारण ०.१५ बोरिक ऑक्साइड, आणि सिलिका-ॲल्युमिनाचं गुणोत्तर तेच ठेवायचं. बोरॉन फ्रिटमधूनच द्या. किराणा दुकानातला टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, पाण्यात विरघळतो, बाटलीत खडे धरतो आणि बिस्किटात शिरून कडेला जमा होतो. फ्रिट विकणाऱ्याकडून रासायनिक विश्लेषण मागून घ्या, नुसत्या नंबरावर घेऊ नका. फेल्डस्पारचंही तसंच. पुस्तकातल्या पोटॅश फेल्डस्पारमध्ये १६.९ टक्के पोटॅशियम ऑक्साइड असतं. बाजारातल्या पोत्यात ते अकराच्या आसपास आणि जोडीला तीनेक टक्के सोडियम ऑक्साइड असतं. हाताचं गणित पुस्तकी आकड्यांनी करून झालं की मग ‘ग्लेझी’सारख्या मोफत संकेतस्थळावर खरं विश्लेषण भरून पुन्हा करायला लावा. उलट क्रम केला, आधी संकेतस्थळ आणि मग गणित, तर गणित कधीच होत नाही.

टाइल निघाल्या की त्यांचे फोटो. इथे ऑनलाइन वर्ग सगळ्यात जास्त फसतो. फोन स्वतःच्या मर्जीने रंग बदलतो, आणि मॅट-चकाकी फोटोत कळत नाही. दोन नियम पुरतात. प्रत्येक फोटोत किटमधली संदर्भ-टाइल शेजारी हवी, म्हणजे फोनने काय केलं ते कळतं. आणि चकाकी पाहायची तर टाइल अशी धरायची की ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिच्यात पडेल. प्रतिबिंबाची कड स्वच्छ असेल तर चकाकी, पसरट असेल तर रेशमी, दिसतच नसेल तर मॅट. आता मॅट खरं की खोटं? कमी भाजलेलं ग्लेझही मॅट दिसतं. तीच टाइल पुढच्या भट्टीत थोडी जास्त तापवली आणि ती चकाकायला लागली, तर पहिलं मॅट नव्हतं, कच्चं होतं. म्हणून प्रत्येक मुलाची एक जादा टाइल ठेवावी.

तड्यांचा विषय मी मुद्दाम लांबवतो, कारण कलाशाखेच्या मुलांना तो सुंदर वाटतो आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. ग्लेझवर जाळी पडते, म्हणजे थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं. काच दाब सोसते, ताण सोसत नाही. पोटॅशियम आणि सोडियम यांनी प्रसरण खूप वाढतं, तर सिलिका, बोरॉन, मॅग्नेशियम यांनी कमी होतं. म्हणून उपाय बहुधा ‘अजून सिलिका’ असा उलटा वाटणारा असतो. पाच भाग क्वार्ट्झ वाढवून बघायचं, अर्थात ग्लेझ वितळायला पुरेशी उष्णता असेल तर. उलट ग्लेझ फार कमी आकसलं तर कडेवरून त्याच्या धारदार चिपा उडतात, आणि ते जाळीपेक्षा धोक्याचं, कारण चिप घशात जाते. घरी करण्यासारखी परीक्षा अशी. टाइल तीन मिनिटं उकळत्या पाण्यात, तीन मिनिटं बर्फाच्या पाण्यात, चार-पाच फेऱ्या, मग कोऱ्या काळ्या चहात बुडवून पुसायची. रेषा उठून दिसतात. भट्टीतून स्वच्छ निघालेली टाइल महिन्याने जाळीदार झाली तर दोष वेगळा असतो. ग्लेझखालचं मातीचं अंगच कमी भाजलेलं आहे, हवेतली ओल शोषून ते किंचित फुगलं, आणि ग्लेझ ताणलं गेलं.

ते तपासायला शोषण, म्हणजे भाजलेली माती किती पाणी पिते ते, मोजायचं. त्याच मातीची भाजलेली पट्टी कोरडी तोलायची, दोन तास उकळायची, रात्रभर त्याच पाण्यात ठेवायची, ओल्या फडक्याने पुसून पुन्हा तोलायची. ८४.० ग्रॅमची ८६.१ झाली तर अडीच टक्के. स्टोनवेअरला तीन टक्क्यांच्या आत चालतं, पोर्सेलिनला एकाच्या आत हवं. ‘लिंबू ठेवून ग्लेझ सुरक्षित आहे का ते बघतो’ असं मुलं सांगतात. लिंबाने रंग बदलला तर ग्लेझ नक्की वाईट. नाही बदलला तर काहीच सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

आता स्थानिक माती. किटशिवाय, फुकट, आणि पहिल्या दिवशी सुरू करता येणारा प्रयोग. प्रत्येकाने आपल्या गावची मूठभर माती घ्यायची. पुण्याच्या आणि पुण्याच्या पूर्वेच्या मुलांकडे बहुधा काळी माती येते. दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन बनलेली ही माती, हिच्यात स्मेक्टाइट जातीचं खनिज असतं, जे पाणी थरांच्या आत घेऊन फुगतं आणि सुकताना तेवढंच आकसतं. उन्हाळ्यात शेतात ज्या भेगा पडतात त्याच पट्टीतही पडतात. पट्टी १४ बाय ४ बाय १ सेंटिमीटर, तिच्यावर ओली असताना बरोबर १०० मिलिमीटरची रेघ. दोन फळ्यांमध्ये वर्तमानपत्र घालून सुकवायची, नाहीतर ती वाकते आणि मोजमाप खोटं येतं. मग त्याच मातीत एकात पाच, एकात दहा, एकात वीस टक्के चाळलेली वाळू घालून पुन्हा. आकसणं कुठे आटोक्यात येतं ते त्यांचं त्यांना दिसतं. कसबा पेठेतला कुंभारवाडा किंवा मुंढव्याचं केशवनगर जवळ असेल त्यांनी जाऊन विचारावं, की मातीत राख आणि लीद का घालतात. उत्तर हाताचं मिळेल आणि स्पष्टीकरण वर्गात द्यायचं. तंतू जळून बारीक वाटा मोकळ्या होतात, वाफ निघून जाते, आणि उघड्या आव्यात जोरात चढणारी आच भांडं सोसतं.

काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. लिंबू पिळलं की फसफसतात. ८०० ते ९०० अंशांत त्यांचा कळीचा चुना होतो, मग तो हवेतली ओल घेऊन आठ-पंधरा दिवसांनी फुगतो आणि भांड्यातून कपची उडवतो. म्हणून माती पाण्यात कालवून ६० मेशमधून गाळायची. हेच लिंबू रांगोळीवर पिळून बघायला सांगा. लगेच फसफसली तर कॅल्साइट, मंद फसफसली तर डोलोमाइटची शक्यता, गप्प राहिली तर क्वार्ट्झ किंवा दुसरं काही. रांगोळीच्या पुडीतून ग्लेझचा कच्चा माल ओळखायचा हा धडा मुलांना फार आवडतो.

आणि खडी क्रशरची भुकटी. वाघोलीकडच्या खाणींतला काळा दगड म्हणजे बेसॉल्टच. सिलिका पन्नास टक्क्यांच्या आसपास, लोह ऑक्साइड बारा-चौदा, कॅल्शियम ऑक्साइड दहाच्या जवळपास. भुकटी भिजवून, १०० मेशमधून चाळून, तिचा लिंबाएवढा गोळा छोट्या वाटीत ठेवून कोन १० ला भाजला तर काळी-तपकिरी काच होते. वाटीखाली चायना क्ले आणि ॲल्युमिनाचा लेप दिलेली फुटकी टाइल ठेवायला विसरू नका, नाहीतर फळी जाते, आणि फळीची किंमत तुम्हाला माहीत आहे. ही भुकटी ओलीच चाळायची. तिच्या धुळीलाही मास्क लागतो.

पहिलं सत्र पावसाळ्यात येतं, त्याचा हिशोब ठेवा. जुलैत पट्टी वरून पांढरी दिसते आणि आत ओली असते. रोज एकाच वेळी तोलायची, सलग दोन दिवस वजन तेच आलं की वाळली. तरीही बिस्किट भट्टीत ९० अंशांवर तीन-चार तास थांबा, मग ६०० पर्यंत ताशी शंभरने, कारण ५७३ ला क्वार्ट्झ एकदम फुगतो. उतरताना त्याच जागी तो आकसतो, तेव्हा तिथे दरवाजा उघडून बघायचा मोह आवरा. कॉलेजमध्ये पावसाळ्यात तोललेल्या बॉल क्लेत, म्हणजे बारीक चिकट मातीतही, ओल असते. १०० ग्रॅम वाळवून ९७ भरली, तर कृतीत तीन टक्के जास्त घालावी लागते.

परीक्षेबद्दल एकच सूचना. बहुपर्यायी प्रश्न नकोत. प्रत्येकाला एका बिघडलेल्या टाइलचा फोटो, तिची कृती आणि त्या भट्टीची नोंद द्या. दोष कोणता, कारण कोणतं, आणि खात्री करायला अजून कोणता एक आकडा हवा, हे लिहायला सांगा. घनता मागणारा, शोषण मागणारा, तळाच्या फळीवरचा कोन मागणारा विद्यार्थी लगेच वेगळा दिसतो. पाठ केलेलं उत्तर इथे चालत नाही, आणि फोनवर शोधूनही सापडत नाही.

भट्टीचं गणित सांगून थांबतो, कारण बाहेर पडताना तेच विचारलं जातं. चार सेंटिमीटर तळाची उभी टाइल, मधली जागा धरून पाच. ४० बाय ४० च्या फळीवर आठ ओळी आठ रांगा, ६४ टाइल. तीस मुलांच्या पाच-पाच, म्हणजे १५०, आणि जादा ठेवायच्या तीस. तीन फळ्यांत १९२ जागा आहेत. कोनसाठी प्रत्येक फळीवर दोन जागा सोडल्या तरी सगळं एका भट्टीत बसतं. बेसॉल्टच्या वाट्या सगळ्यात खाली वेगळ्या फळीवर, आणि त्यांच्या शेजारी कोणाचीही टाइल नको.

आता प्रश्न घेऊ.